विमानाला गाडी घासली तर ड्रायव्हरला लगेच घरी बसवायचं का?

शिरोली_क्वालिटी (धागा सुरू करणारे)

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात कोल्हापूरला परत येताना एका मोठ्या शहराच्या विमानतळावर आमचं विमान रद्द झालं. सामानाच्या ट्रॉल्या ओढणारा टग उभ्या विमानाला घासला होता. चार तास बसवून ठेवल्यावर काउंटरवरून उत्तर आलं, "त्या ड्रायव्हरला काढून टाकलंय." रांगेतल्या लोकांचं समाधान झालं. माझं झालं नाही.

शिरोली एमआयडीसीत मी एकतीस वर्षं फाउंड्रीत क्वालिटीला काढली. एके काळी आमच्याकडे कास्टिंग, म्हणजे ओतलेला भाग, रिजेक्ट झालं की मोल्डरच्या, म्हणजे साचा बनवणाऱ्याच्या, पगारातून कापायचे. रिजेक्शन झपाट्यानं उतरलं, मालक खूश. मग गिऱ्हाइकाकडून माल परत यायला लागला. पोरं ब्लो होलमध्ये, म्हणजे ओतकामात हवेनं पडलेल्या भोकांत, लांबी (पुट्टी) भरून वरून ग्राइंडर मारत होती. दोष होते तेवढेच होते, आमच्यापर्यंत पोचायचे थांबले होते. शेवटी कपात बंद केली आणि 'जो सांगेल त्याचं काही कापणार नाही' असं फळ्यावर लिहिलं. पहिले दोन महिने रिजेक्शन वाढलं. मग खरोखर उतरलं.

आता अमेरिकेतल्या सिएटलचं बघा. २६ डिसेंबर २००५. सामान हाताळणाऱ्या गाडीचा धक्का अलास्का एअरलाइन्सच्या एमडी-८३ विमानाला लागला आणि कामगारानं ते वेळेवर सांगितलं नाही. विमान उडालं. सुमारे २६,००० फुटांवर त्या जागी पत्रा फाटला, साधारण १२ बाय ६ इंचाचं भोक पडलं, केबिनमधला दाब गेला. वैमानिकांनी विमान झटपट खाली आणून सिएटलला परत उतरवलं, माणसं वाचली. धक्का लागला त्याच क्षणी तो सांगितला असता तर ते विमान जमिनीवरच राहिलं असतं.

म्हणून माझं म्हणणं: ठोकल्यावर लगेच सांगणाऱ्याची नोकरी जाता कामा नये. लपवणाऱ्याची जरूर जावी.

करवीर_ऊसवाहतूक

काका, तुमचा अनुभव मान्य. पण कास्टिंग परत येतं, माणसं परत येत न्हाईत. हंगामात माझे आठ ट्रॅक्टर कारखान्याला असतात. रात्री बिनरिफ्लेक्टरची ट्रॉली रस्त्यावर सोडून गेलेला ड्रायव्हर मी दुसऱ्या दिवशी कामावर घेत न्हाई. "सांगितलं की मी" म्हणाला तरी न्हाई. त्या ट्रॉलीवर कुणाचा तरी पोरगा मोटरसायकल घेऊन आदळला असता.

आणि ह्या विमानांच्या बातम्या वाचा की. २२ डिसेंबर २०१५, कोलकाता, पहाटे रिकामी बस उभ्या एटीआरला, म्हणजे पंख्याच्या छोट्या प्रवासी विमानाला, जाऊन धडकली. एप्रिल २०२५, बंगळूर, टेम्पो ट्रॅव्हलर थेट इंडिगोच्या विमानाच्या इंजिनाखाली. दोन्हीकडे ड्रायव्हरला डुलकी लागल्याचं छापून आलं. एवढं मोठं विमान, तेही उभं! त्याला जाऊन धडकणाऱ्याला माफी दिली तर बाकीचे काय शिकणार? भीती पाहिजेच.

शिरोली_क्वालिटी

भावा, ह्या दोन्ही धडका सगळ्या जगानं बघितल्या, त्या लपणारच नव्हत्या. मला काळजी आहे ती रात्री दोन वाजता, कुणी बघत नसताना लागलेल्या बारीक धक्क्याची. तुझ्या भीतीनं तो धक्का थांबेल का, की फक्त तोंड बंद होईल?

स्नेहल_एरो

काकांच्या मुद्द्याला एक जोड देते. ॲल्युमिनिअमच्या पत्र्याला धक्का लागला की पोचा पडतो, निदान हात फिरवला तर कळतो. कार्बन फायबरचं तसं नाही. वरून रंगाला ओरखडाही न येता आतले थर एकमेकांपासून सुटलेले असू शकतात. बोइंगच्या ड्रीमलायनर विमानाचं तर सगळं धडच तसल्या मटेरिअलचं. आपल्या उजळाईवाडीच्या कोल्हापूर विमानतळावर उतरणाऱ्या एटीआर ७२ च्या पंखांचा बाहेरचा भागही कार्बन फायबरचाच आहे. उड्डाणाआधी वैमानिक विमानाभोवती फेरी मारतो, पण त्याला बाहेरून जे दिसेल तेच दिसणार. धक्का कुठे आणि केवढा लागला हे माहीत असलेला माणूस एकच, गाडी चालवणारा. त्यानं जागा दाखवली तर अल्ट्रासॉनिक तपासणी नेमक्या तिथे करता येते.

ताराबाई_पार्क

मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात. भीती घाला किंवा अभय द्या, शेवटी सगळा भार कमी पगाराच्या एका माणसाच्या प्रामाणिकपणावर! आयाटा या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या अंदाजानं अशा धडकांचा जगभरातला खर्च २०१९ मध्ये वर्षाला ५ अब्ज डॉलरच्या आसपास होता आणि २०३५ पर्यंत तो दुप्पट होऊ शकतो. बेल्ट लोडर (सरकत्या पट्ट्यावरून सामान विमानात चढवणारी गाडी), कार्गो लोडर, शिड्या आणि एरोब्रिज मिळून ४० टक्के घटना. विमान जवळ येताच आपोआप वेग कमी करणारी, सेन्सर बसवलेली वाहनं तयार मिळतात. ती सक्तीची करा. माणूस चुकणारच हे धरून यंत्र बनवायला हवं.

आणखी एक. आंतरराष्ट्रीय व्याख्येप्रमाणे उड्डाणासाठी कुणी विमानात चढल्यापासून सगळे उतरेपर्यंत जे घडेल तोच 'अपघात'. रिकाम्या, उभ्या विमानाला गाडी धडकली तर तो त्यात मोजला जात नाही. मोजलंच नाही तर पैसा कोण ओतणार?

एप्रनवर_सात_वर्षं

एप्रनवर, म्हणजे विमानतळावर विमानं उभी राहतात त्या जागेवर, गाडी चालवायचं काम मी केलंय, एका मोठ्या शहरात, कंत्राटदाराकडे. आता गोकुळ शिरगावला आहे. नियम चांगले असतात. विमानाजवळ जाण्याआधी थांबून ब्रेक तपासायचा, मग माणूस चालतो त्या वेगानं पुढं जायचं, मागं घेताना खाली उभा राहून खुणा करणारा माणूस हवा. पण तो माणूस दोन विमानांना मिळून एकच असतो आणि विमान अर्ध्या तासात परत सोडायचं असतं.

एका रात्री माझ्या बेल्ट लोडरचं टोक कार्गो दरवाज्याच्या कडेला लागलं. सुपरवायझर म्हणाला, "काय झालं नाही, चल." मला राहवलं नाही, मी इंजिनिअरसाहेबांना जाऊन सांगितलं. त्यांनी बॅटरी मारून तपासलं, मोजमाप घेतलं, लॉगबुकात नोंद केली. वीस मिनिटं उशीर होऊन विमान गेलं. साहेबांनी पाठीवर हात ठेवला. पुढच्या महिन्यात माझं कंत्राट वाढवलं नाही. माझ्याबरोबरच्या पोरांनी ते बघितलं. त्यातला एकही जण आता सांगायला जाणार नाही, हे मी खात्रीनं सांगतो.

करवीर_ऊसवाहतूक

दादा, तुमच्यावर अन्याय झाला, हे बोलायला मला कमीपणा न्हाई. लगेच सांगणाऱ्याला काढू नये, एवढं काकांचं मान्य. पण गाडी चालवताना झोपला असेल तर परवाना जायलाच पाहिजे. तिथं मी हटणार न्हाई.

एप्रनवर_सात_वर्षं

त्या रात्री माझा सोळावा तास चालला होता. बदली आलेला नव्हता म्हणून दुसरी शिफ्ट लावली होती. एप्रनवर गाडी चालवणाऱ्याची मद्यचाचणी होते, त्यात दारू सापडते, झोप सापडत नाही. वैमानिकाच्या ड्युटीच्या तासांना डीजीसीएची, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याची, मर्यादा आहे आणि ती पाळली की नाही ते बघणारं कुणीतरी आहे. आमचे तास कुणी विचारले नाहीत. मी झोपलो असतो तर परवाना माझा गेला असता, शिफ्ट लावणाऱ्याचं नाव कुठंच आलं नसतं.

करवीर_ऊसवाहतूक

मग चौकशीच्या कागदावर पहिलं नाव शिफ्ट लावणाऱ्याचं पाहिजे, ड्रायव्हरचं त्याच्या खाली. माझ्या ट्रॅक्टरवरपण कारखान्याच्या गव्हाणीत, म्हणजे ऊस टाकतात तिथं, नंबर लागेपर्यंत पोरं दोन-दोन रात्री जागी असतात. ते मी कधी मोजलं न्हाई.

शिरोली_क्वालिटी

यंदाच्या हंगामात मोजशील का? काय निघालं ते इथंच लिही.