कर्नल बदलला आणि जुना प्रोग्राम बंद पडला: दोष कोणाचा?

रानवारा
काल चालणारा प्रोग्राम आज नव्या लिनक्स कर्नलवर (म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यावर) चालत नसेल तर दोष कर्नलचा, असं माझं ठाम मत आहे. मग तो प्रोग्राम कितीही गचाळ लिहिलेला असो. डिसेंबर २०१२ मध्ये ड्रायव्हरमधल्या एका बदलामुळे वेगळाच एरर कोड परत यायला लागला आणि आवाज हाताळणारा पल्सऑडिओ हा प्रोग्राम अडखळला. कर्नलच्या त्या भागाची देखभाल करणाऱ्याने बोट प्रोग्रामकडे दाखवलं, तेव्हा लिनक्सचा जनक लायनस टोरवाल्ड्सने त्याची जाहीर खरडपट्टी काढली. भाषा नको तितकी कडक होती, मुद्दा मात्र शंभर टक्के खरा होता. एकदा अपडेटची धास्ती बसली की माणूस अपडेट करायचंच सोडतो आणि सुरक्षेचे पॅच तसेच पडून राहतात.

२०११ मध्ये कर्नलच्या २.६.३९ आवृत्तीनंतर थेट ३.० आलं. आवृत्ती '२.६'नेच सुरू होणार असं काही प्रोग्राम धरून बसले होते. चूक त्यांचीच, तरीही ३.० हे २.६.४० असं दाखवायची सोय कर्नलमध्ये केली गेली. असंच हवं.

गणकयंत्री
रानवारा, या सोयीची किंमतही सांगा ना. व्हीसिसकॉलचं पान (वेळ विचारण्यासारखी कामं झटपट व्हावीत म्हणून कर्नलने दिलेला मेमरीचा तुकडा) प्रत्येक प्रोसेसमध्ये, म्हणजे चालू प्रोग्राममध्ये, एकाच ठरलेल्या पत्त्यावर असायचं. अंदाज बांधता येऊ नये म्हणून बाकी सगळे पत्ते विस्कटून ठेवायचे आणि हल्लेखोराला एक पान हमखास जागेवर द्यायचं, याला काय अर्थ आहे? काढलं तर जुने प्रोग्राम मरतात, म्हणून ते इम्युलेट करत, म्हणजे त्याची नक्कल पुरवत, बसावं लागलं. ए.आउट या प्रोग्राम-फाइलींच्या जुन्या फॉरमॅटचंही तेच. त्याच्या जागी ईएलएफ येऊन पंचवीसेक वर्षं झाली, तरी तो कोड २०२२ पर्यंत कर्नलमध्ये होता. हे ओझं कायम वाहायचं का?

ऊसकाटा
वाहायचं. एका साखर कारखान्याच्या गेटवरचा वजनकाट्याचा प्रोग्राम मी सांभाळतो. लिहून देणारी कंपनी बंद पडली, सोर्स (मूळ कोड) कोणाकडेच नाही, हाती फक्त बायनरी, म्हणजे कंपाइल केलेली तयार फाइल, तीही जुनी जीलिबसी (सी भाषेची मूलभूत लायब्ररी) आतच भरून स्टॅटिक लिंक केलेली. ऐन गाळप हंगामात मशीन बदललं आणि पहिल्याच पावतीला सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे मनाई असलेल्या मेमरीला हात लावल्याने प्रोग्राम बंद. बाहेर ट्रॅक्टरांची रांग, ऊस उन्हात वाळतोय. प्रोग्राम वेळ विचारायला त्याच व्हीसिसकॉलच्या पानावर जात होता आणि नव्या डिस्ट्रोने (लिनक्सच्या तयार संचाने) ते बंद ठेवलं होतं. ग्रबमध्ये, म्हणजे कर्नल सुरू करणाऱ्या बूटलोडरमध्ये, 'व्हीसिसकॉल=इम्युलेट' घातलं, रीबूट केलं, पावती निघाली. ती सोय नसती तर शेतकऱ्यांना काय सांगितलं असतं?

गणकयंत्री
ऊसकाटा, तुमची अडचण खरी आहे, ती मी उडवून लावत नाही. पण तुमच्या एका काट्यासाठी जगातल्या सगळ्या सर्व्हरांवर ते पान उघडं का ठेवायचं? डिस्ट्रोने बंद ठेवलं आणि तुम्ही मुद्दाम चालू केलंत, हेच बरोबर झालं. ओपनबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवाले तर याहून पुढे गेले. ५.५ मध्ये, २०१४ साली, त्यांनी time_t, म्हणजे वेळ साठवायचा डेटा प्रकार, सगळीकडे ६४-बिट केला. जुन्या बायनरी मोडल्या, त्यांनी सगळं नव्याने कंपाइल केलं आणि ते २०३८ मध्ये ३२-बिट वेळेची मोजणी संपण्याच्या चिंतेतून मोकळे झाले.

रानवारा
त्यांच्याकडे सोर्स असतो, म्हणून त्यांना जमतं. ज्याच्या हातात नुसती बायनरी आहे त्याने काय करायचं?

खिळेमोळे
मध्येच बोलतो. जुनं मोडणार नाही हे कर्नलचं वचन फक्त यूजरस्पेसला, म्हणजे कर्नलबाहेर चालणाऱ्या प्रोग्रामना, आहे. कर्नलच्या आतल्या एपीआयबद्दल (त्याच्या भागांनी एकमेकांकडून काम करून घ्यायच्या पद्धतीबद्दल) असं वचन कधीच कोणी दिलेलं नाही, त्यामुळे कर्नलच्या कोडबाहेर ठेवलेले ड्रायव्हर दर अपडेटला मोडतात. मला ते पटतं. आतलं बदलायची मोकळीक आहे म्हणूनच बाहेरचं जपता येतं.

गणकयंत्री
खिळेमोळे, मान्य. ऊसकाटा, एक काळजीपोटी विचारते. व्हीसिसकॉल वापरते म्हणजे तुमची बायनरी ६४-बिट आहे, तिथे धोका नाही. पण पावतीच्या फाइलमध्ये तारीख किती बाइटांत लिहिली जाते? चार असतील तर १९ जानेवारी २०३८ नंतर कुठलाच कर्नल तुम्हाला वाचवणार नाही.

ऊसकाटा
हेक्स डंप काढून पाहिला. चारच आहेत. कारखान्याला आजच लेखी कळवतो.