आधी चिकटलेलं ॲल्युमिनियम काढा, मग बोअरचं बघू

भाऊ, तुमच्या गाडीचा पिस्टन जॅम झाला म्हणून मेकॅनिकने न मोजताच बोअर करायला (सिलिंडर आतून कापून मोठा करायला) सांगितलं, हे मला पटत नाही. सिलिंडरच्या आतल्या त्या चंदेरी रेघा बऱ्याचदा ओरखडे नसतातच. पिस्टनचं ॲल्युमिनियम बिडाच्या स्लीव्हला (सिलिंडरच्या आतल्या नळीला) चिकटलेलं असतं. कॉस्टिक सोड्याचं पाणी बोळ्याने फक्त त्या रेघांवर लावा. बुडबुडे येतील, ॲल्युमिनियम विरघळेल, बिडाला काही होत नाही. हातमोजे, चष्मा हवाच. काम उघड्यावर करा आणि जवळ विडी-काडी नको, कारण हायड्रोजन निघतो. स्लीव्ह नसलेल्या, आतून प्लेटिंगच्या सिलिंडरवर मात्र हे चुकूनही करू नका. तो सिलिंडरच ॲल्युमिनियमचा, सोडा त्यालाच खाईल.

मग धुऊन नख फिरवा. अडकलं नाही आणि गेजवर माप बसलं, तर हलकं होनिंग (आतून दगडाने घासणं), नवा पिस्टन आणि रिंगा. अडकलं तर ०.२५ किंवा ०.५० मिमी ओव्हरसाइज, म्हणजे तेवढा मोठा पिस्टन. पिस्टन आधी विकत घ्या, त्याच्या मापाने लेथवाल्याकडून बोअर करून घ्या. टू-स्ट्रोकमध्ये नंतर पोर्टच्या (सिलिंडरच्या भिंतीतल्या भोकांच्या) धारदार कडा मारायला सांगाच, नाहीतर रिंग अडकून तुटते.

माझी जुनी टू-स्ट्रोक मे महिन्यात भर दुपारी सावदा-रावेर रस्त्यावर जॅम झाली. उन्हाला दोष देऊन बोअर केलं, महिन्याभरात पुन्हा तेच. शेवटी सापडलं क्रॅंकचं (इंजिनच्या मुख्य दांड्याचं) फाटलेलं ऑइल सील: तिथून हवा शिरत होती, मिश्रणात पेट्रोल कमी पडून इंजिन तापत होतं. तुमचं सील तपासलं का?