टायमिंग ‘पुढे’ घ्यायचं म्हणजे लवकर की उशिरा?

सावकाश:
एका जुन्या मोटारीच्या दुरुस्ती-पुस्तिकेतली काही पानं मामासाठी मराठीत उतरवतोय. मामाने इंजिन पूर्ण खोलून, नव्या रिंगा आणि बेअरिंग घालून पुन्हा बांधलं. प्रज्वलनाच्या पानावर ‘अ‍ॅडव्हान्स’ (ठिणगी लवकर) आणि ‘रिटार्ड’ (ठिणगी उशिरा) हे शब्द वाक्यावाक्याला येतात. मी सरळ ‘पुढे घ्या’ आणि ‘मागे घ्या’ लिहिलं. ‘टीडीसीवर बसवून तिथून 10 अंश पुढे घ्या.’ (टीडीसी म्हणजे दट्ट्या, पिस्टन, सगळ्यात वर असतो ती जागा.) मामाने तसंच केलं. गाडी कशीबशी सुरू झाली, पण ओढेचना. थोड्या वेळात पाणी तापलं, सायलेन्सरमधून फटाफट आवाज. मी टायमिंग लाइट (ठिणगी कधी पडते ते दाखवणारा दिवा) लावून पाहिलं, तर ठिणगी टीडीसीच्या 10 अंश नंतर. अगदी मोजून 10.

मामा म्हणाला, “सभा पुढे ढकलली म्हणजे उशिरा ठेवली ना? मग मी ठिणगी पुढे ढकलली.” त्याचं चुकलं असं मला म्हणता येईना. चूक माझ्या वाक्यात होती. आता तिथे काय लिहू?

शब्दवेल्हाळ:
‘अग्रिम’ आणि ‘विलंबित’ हे शब्द आहेत की. प्रज्वलन अग्रिम करा, प्रज्वलन विलंबित करा. संस्कृतातून घेतलेला शब्द सगळीकडे एकाच अर्थाने चालतो. बोलीतला शब्द असा पाय घसरवतो.

पानापक्कड:
शब्दवेल्हाळ, वाकून एका हाताने डिस्ट्रिब्यूटर (प्लगांना ठिणगी वाटणारा भाग) धरलेल्या माणसाला ‘विलंबित करा’ ओरडून सांगून बघा. गाणं सुरू करायचंय का असं वाटेल त्याला. आम्ही इतकी वर्षं ‘टायमिंग वाढव’ आणि ‘टायमिंग कमी कर’ म्हणतोय. वाढव म्हणजे लवकर. कुणाचंही इंजिन यामुळे तापलं नाही.

सावकाश, मामांना शब्दापेक्षा हे सांगा: डिस्ट्रिब्यूटरच्या आतला रोटर ज्या दिशेने फिरतो त्याच्या उलट डिस्ट्रिब्यूटरचं अंग फिरवलं की ठिणगी लवकर, रोटरच्या दिशेने फिरवलं की उशिरा. कॅप काढून एकदा इंजिन हाताने फिरवून दिशा पाहून घ्यायची. आणि डिस्ट्रिब्यूटर क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य दांड्याच्या) निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून तिथला 1 अंश म्हणजे क्रँकचे 2 अंश. मामांना अंग 10 अंश फिरवायचं असेल असं वाटलं, तर ते 20 होतील.

रानवाट:
पण ‘वाढवा’चीही तीच गत आहे. मुदत वाढवली म्हणजे शेवटची तारीख लांबली. वेळ वाढवून दिला म्हणजे काम उशिरा संपलं तरी चालेल. मामांनी ‘टायमिंग वाढवा’ वाचलं असतं तर कदाचित पुन्हा त्याच बाजूला फिरवलं असतं.

पानापक्कड:
मुदत वेगळी, टायमिंग वेगळं. टायमिंग म्हणजे अंश. 6 चे 10 केले की वाढलं.

ऐलपैल:
या दोघांच्या भांडणात एक महत्त्वाची गोष्ट आली आहे. आपण याला टायमिंग म्हणतो, शब्दकोशात ‘वेळ’ लिहितो, आणि मोजतो मात्र अंशांत. मोजतो तो कोन. मिनिटाला 800 फेऱ्यांवर इंजिन चालू असताना 10 अंश म्हणजे सुमारे 2 मिलिसेकंद. 3000 फेऱ्यांवर तेच 10 अंश म्हणजे जेमतेम अर्धी मिलिसेकंद. पेटलेल्या मिश्रणाला पसरायला लागणारा वेळ मात्र फेऱ्यांच्या प्रमाणात कमी होत नाही. म्हणून वेग वाढला की ठिणगी आणखी आधी पडावी लागते, आणि त्यासाठी डिस्ट्रिब्यूटरच्या पोटात वजनं आणि स्प्रिंगा असतात.

शब्दाचं म्हणाल तर माझ्या मते आपल्याकडे नेमका शब्द आहे: अलीकडे. परीक्षा 20 तारखेची 15 वर आणली तर मराठी माणूस म्हणतो, परीक्षा अलीकडे घेतली. (हल्ली ‘प्रीपोन’ म्हणतात, तो शब्द मला कधीच आवडला नाही.) टीडीसी हा मधला ओढा समजा. दट्ट्या वर चढत त्याच्याकडे येतोय. ओढ्याच्या अलीकडे 10 अंशांवर ठिणगी. ‘टीडीसीच्या 10 अंश अलीकडे’ याचा दुसरा अर्थ निघत नाही. मामांनी ती पलीकडे टाकली.

चौथागिअर:
व्वा. ‘अलीकडे’ घेतो मी.

फोर्डच्या मॉडेल टीमध्ये (1908 ते 1927) हा प्रश्नच नव्हता. स्टिअरिंगखाली डावीकडे ठिणगीचा दांडा, उजवीकडे थ्रॉटलचा. डावा दांडा पूर्ण वर म्हणजे उशिरा, खाली ओढला की लवकर. हँडल मारताना तो वर असलाच पाहिजे, नाहीतर दट्ट्या वर पोचण्याआधीच मिश्रण पेटून हँडल उलटं फिरतं आणि मनगट मोडतं. गाडी सुरू झाली की दांडा खाली. ‘वर’ आणि ‘खाली’ यांत मतभेदाला जागा नाही.

शब्दवेल्हाळ:
‘वेळ’ शब्दावर इतक्या सहज फुली मारू नका. संस्कृत ‘वेला’चा एक अर्थ काळ, पण दुसरा सीमा आणि समुद्राचा किनारा. ठिणगीची वेळ म्हणजे ठिणगीची सीमारेषा! कोन आणि काळ दोन्ही त्यात येतात. आणि ऐलपैल यांच्या ‘अलीकडे’मागे ऐलतीर आहे. म्हणजे दोन्ही शब्द काठावरच येऊन भेटले.

रानवाट:
सुंदर जुळणी आहे, पण मराठीत ‘वेळ’ म्हणताना कुणाच्या मनात किनारा येत नाही. व्युत्पत्ती सुचते म्हणून आजचा अर्थ ठरत नाही.

त्यापेक्षा लिंग बघा. ‘तो वेळ’ म्हणजे लांबी असलेला काळ: बराच वेळ गेला. ‘ती वेळ’ म्हणजे नेमका क्षण: ती वेळ आली. ठिणगीची असते ती ती वेळ. मिश्रण जळायला लागतो तो वेळ. इंग्रजीला हे दोन वेगळे करायला शब्द बदलावा लागतो, आपण नुसतं लिंग बदलतो. पुस्तिकेत ‘ठिणगीची वेळ’ लिहा, स्त्रीलिंगी ठेवा.

पानापक्कड:
‘ठिणगी’ही कागदावरची. बोलताना करंट. ‘प्लगला करंट येतोय का बघ.’

रानवाट:
मामांच्या इंजिनात करंटचा नव्हे, त्याच्या क्षणाचा प्रश्न आहे, म्हणून इथे ठिणगीच बरी.

पानापक्कड:
बरं, क्षणाचंच बोलू. करंट पॉइंट (डिस्ट्रिब्यूटरमधला उघडझाप करणारा स्विच) चिकटल्यावर पडतो असं नवीन पोरांना हमखास वाटतं. पडतो तो पॉइंट उचलतो तेव्हा. पॉइंट उघडला, कॉइलच्या पहिल्या वेढ्यातला प्रवाह तुटला, तेव्हा दुसऱ्या वेढ्यात हजारो व्होल्ट तयार होतात. म्हणून दिवा लावून टायमिंग धरताना बल्ब लागतो तो क्षण पकडायचा. पुस्तिकेत ‘पॉइंट जुळतात’ असं लिहिलं असेल तर ते तपासा, सावकाश. आणि आधी पॉइंटची फट, मग टायमिंग. फट 0.4 मिलिमीटरच्या आसपास असते, गाडीप्रमाणे बदलते. फट मोठी केली की पॉइंट लवकर उचलतो, म्हणजे तुमच्या भाषेत अलीकडे. उलट क्रमाने केलं तर फट लावल्यावर टायमिंग हलतं, ते पुन्हा लावावं लागतं.

चौथागिअर:
इंजिन नुकतंच बांधलंय तर आणखी एक. टीडीसी दर फेरीला येतो, पण एका सिलिंडरला ठिणगी दोन फेऱ्यांत, म्हणजे 720 अंशांत, एकदाच हवी. डिस्ट्रिब्यूटर बरोबर उलटा बसला तर पुलीवरची खूण अगदी जुळलेली दिसते आणि गाडी कार्ब्युरेटरमधून भडका मारते. एक नंबरचा प्लग काढून भोकावर अंगठा ठेवायचा, इंजिन सावकाश फिरवायचं. हवा अंगठा ढकलते ती फेरी खरी.

शब्दवेल्हाळ:
त्या फेरीला ‘संपीडन’ म्हणतात.

पानापक्कड:
अंगठा ढकलते ती फेरी. एवढं पुरे.

शब्दवेल्हाळ:
पुरे नाही. उद्या कुणी ही पुस्तिका वाचून शिकेल आणि परीक्षेला बसेल, त्याला पुस्तकातला शब्द ओळखीचा असायला हवा. बोलीने काम भागतं हे मान्य. पण लिहिलेला शब्द टिकतो, म्हणून तो जपून निवडायचा.

रानवाट:
टिकेल तो वापरला जाणारा शब्द. दट्ट्या, झडप टिकले, कारण लोकांनी तोंडात घेतले.

सावकाश:
सगळ्यांचे आभार. पानावर ‘अलीकडे’ आणि ‘पलीकडे’ लिहून मामाला वाचायला दिलं. व्हॅक्युमची नळी (तीही टायमिंग आपोआप हलवते) काढून, बंद करून, लाइट लावून टायमिंग धरलं. पहिल्यांदा 12 अंश अलीकडे आलं, चढावर किणकिण (ठिणगी फार लवकर पडल्याचा आवाज) ऐकू आली. 8 वर आणल्यावर किणकिण गेली, पण ओढ कमी वाटली, म्हणून 10 वर ठेवलं.

पण तिथेच मामाने विचारलं, “12 वरून 8 वर आणायचं, तर लिहायचं काय? पलीकडे घ्या? पण 8 तर अजून टीडीसीच्या अलीकडेच आहे.” माझ्याकडे उत्तर नाही. ‘अलीकडे’ने जागा कळते, हलवायची दिशा कळत नाही.

पानापक्कड:
म्हणूनच म्हणतोय. 12 चे 8 केले. कमी केलं.

ऐलपैल:
पलीकडे सरकवा चालेल. ओढ्याच्या अलीकडे उभ्या असलेल्या माणसालाही आपण ‘थोडा पलीकडे सरक’ म्हणतो, तो ओढा ओलांडत नाही.

शब्दवेल्हाळ:
तो ओढा ओलांडत नाही हे तुम्हाला समोर दिसतं म्हणून. पुस्तिकेत ओढा दिसत नाही.

रानवाट:
ऐलपैल, तुम्ही लिहिलंत, ‘जेमतेम अर्धी मिलिसेकंद’. सेकंद पुल्लिंगी ना? अर्धा सेकंद म्हणतो आपण. मग मिलिसेकंद स्त्रीलिंगी कधी झाला?