विधी, अर्थशास्त्र आणि सार्वजनिक धोरण: प्राध्यापकीत शिरायचे तर कोणत्या दाराने?

प्रश्न: लातूरकर_विधी

नमस्कार. मी वाणिज्य शाखेची पदवी घेऊन लातूरमध्ये एलएल.बी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. वडील मार्केट यार्डातील एका आडत दुकानात दिवाणजी आहेत. हमाली-तोलाई वजा होऊन शेतकऱ्याच्या हाती जाणारी हिशोबपट्टी मी शाळेत असल्यापासून पाहत आलो. करार कायदा शिकताना मला ती पट्टीच आठवते. वर्गात मात्र चर्चा 1872 च्या अधिनियमातील कलमांपुढे फारशी सरकत नाही. कोर्टापेक्षा मला शिकवण्यात आणि संशोधनात रस आहे, आणि व्यापारी कायदा, अर्थशास्त्र व सार्वजनिक धोरण या तिन्हींचा मेळ बसेल असा विषय हवा आहे. अमेरिकेत व्हार्टन या व्यवस्थापन महाविद्यालयात ‘बिझनेस इकॉनॉमिक्स अँड पब्लिक पॉलिसी’ असा स्वतंत्र विभागच आहे. आपल्याकडे असे पद कोठे निघते? एलएल.एम. करावे की अर्थशास्त्रात एम.ए.? घरची परिस्थिती पाहता दोन्ही करण्याइतकी सवड नाही.

उत्तर: विधी_अध्यापक_संभाजीनगर

असे जोडपद आपल्या महाविद्यालयांच्या जाहिरातीत तुम्हाला सापडणार नाही, हे आधी मान्य करावे. जाहिरात एका विषयाची निघते: विधी, अर्थशास्त्र, वाणिज्य किंवा व्यवस्थापन. सहायक प्राध्यापकासाठी पदव्युत्तर पदवीला 55 टक्के गुण (आरक्षित प्रवर्गांना 5 टक्के सवलत) आणि नेट किंवा सेट (अध्यापनासाठीची राष्ट्रीय किंवा राज्य पातळीवरची पात्रता परीक्षा) ही अर्हता लागते. 1 जुलै 2023 पासून या पदासाठी पीएच.डी. सक्तीची राहिलेली नाही, पण प्रत्यक्ष मुलाखतीत तिचे वजन कमी झाले आहे असे समजू नये.

एक गंमत लक्षात ठेवा. बी.कॉम.च्या वर्गात व्यापारी कायदा बहुधा एम.कॉम. झालेले शिक्षक शिकवतात. उलट पाच वर्षांच्या बी.ए. एलएल.बी.ला अर्थशास्त्र हा विषय असल्यामुळे विधी महाविद्यालयाला अर्थशास्त्राचा शिक्षक लागतो. दोन्ही बाजूंनी वाटा आहेत, पण तुमची एलएल.बी. हातात आली असताना एलएल.एम. सोडून एम.ए.कडे वळणे म्हणजे चालून झालेली वाट पुन्हा चालणे होय. क्लॅट (राष्ट्रीय विधी विद्यापीठांची सामाईक प्रवेश परीक्षा) देऊन राष्ट्रीय विधी विद्यापीठातील एक वर्षाचे एलएल.एम. पाहा, आमच्या संभाजीनगरातले महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ 2017 पासून सुरू आहे. स्पर्धा कायदा (2002) किंवा दिवाळखोरी संहिता (2016) यांपैकी एखादा विषय प्रबंधाला घेतला, तर अर्थशास्त्र टाळू म्हटले तरी टळत नाही. स्पर्धा कायद्यात तर बाजारपेठेची व्याख्याच ठरवायची असते, तेथे नुसत्या कलमांनी काय होणार?

उत्तर: अर्थशास्त्र_धाराशिव

वरील सल्ला योग्यच आहे, मात्र ‘एलएल.एम. केले की अर्थशास्त्र आपोआप येते’ असा त्याचा अर्थ कोणी घेऊ नये. एक उदाहरण घेऊ. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस कारखान्याला दिल्यापासून 14 दिवसांत पैसे मिळायला हवेत, आणि उशीर झाल्यास वर्षाला 15 टक्के व्याज द्यावे लागते. विधीचा विद्यार्थी येथे थांबतो आणि ‘अंमलबजावणी कमकुवत आहे’ असे लिहून मोकळा होतो. अर्थशास्त्राचा विद्यार्थी विचारतो की गाळप चार-पाच महिन्यांत उरकते, साखर मात्र वर्षभर विकली जाते, मग मधल्या काळातील भांडवल कोण पुरवतो आणि त्याचे व्याज शेवटी कोणाच्या पट्टीतून कापले जाते? धोरणाच्या अभ्यासकाला त्याच्याही पुढे जावे लागते: उसाचा दर सरकारने ठरवायचा आणि साखरेचा भाव बराचसा बाजारावर सोडायचा, ही रचनाच टिकणारी आहे का? साखर उद्योगावरील रंगराजन समितीने 2012 मध्ये कारखाना आणि शेतकरी यांच्यात उत्पन्नाच्या वाटणीचे सूत्र सुचवले आणि महाराष्ट्राने 2013 मध्ये त्यावर स्वतःचा कायदा केला. त्या कायद्याचे पुढे नेमके काय झाले, हा एक अख्खा प्रबंध आहे, आणि त्याची कागदपत्रे तुमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर पडलेली असतील.

रोनाल्ड कोस यांना 1991 मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांच्या कारकिर्दीचा मोठा भाग मात्र शिकागोच्या विधी महाविद्यालयात गेला. 1960 च्या त्यांच्या निबंधातील गाजलेले उदाहरण तर शेजाऱ्याच्या पिकात शिरणाऱ्या गुरांचे आहे. बांधावरची भांडणे पाहिलेल्या मराठवाड्यातील माणसाला ते समजावून सांगावे लागत नाही. आणि दूर कशाला जायचे? बाबासाहेब 1918 मध्ये सिडनहॅम महाविद्यालयात राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते आणि 1935 मध्ये मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले.

माझी सूचना एवढीच की एलएल.एम.च्या काळात सूक्ष्म अर्थशास्त्र आणि प्राथमिक संख्याशास्त्र स्वतः पक्के करावे. पुढे पीएच.डी.साठी कोलकात्याच्या आयआयएममधील सार्वजनिक धोरण व व्यवस्थापन गटासारख्या जागा खुल्या असतात, पण तेथे गणिताची भीती घेऊन जाता येत नाही.

उत्तर: तासिका_तत्त्व

दोघांनीही जे लिहिले नाही ते मी लिहिते. एलएल.एम., सेट सगळे होऊन मी चौथ्या वर्षी तासिका तत्त्वावर शिकवते आहे. कोणत्या महाविद्यालयात, ते राहू द्या. गेल्या वर्षी जुलैमध्ये सुरू केलेल्या तासांचे मानधन फेब्रुवारीत जमा झाले. त्याच महिन्यात मी वर्गात लघुउद्योगांना द्यायची देणी 45 दिवसांत चुकती करण्याचा 2006 च्या कायद्यातील नियम शिकवत होते, आणि मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी म्हणाला, “मॅडम, हा नियम तुम्हाला लागू नाही का?” वर्ग हसला, मीही हसले.

तुम्हाला परावृत्त करण्याचा हेतू नाही. परंतु घरची परिस्थिती तुम्ही स्वतः सांगितली आहे, म्हणून केवळ सेटवर न थांबता जेआरएफच्या (नेटमधूनच मिळणाऱ्या कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीच्या) तयारीने नेट द्या. पीएच.डी.ला प्रवेश मिळाल्यावर पहिली दोन वर्षे दरमहा 37,000 रुपये मिळतात. तासिकेच्या भरवशावर संशोधन करणे आणि या रकमेवर करणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. जेआरएफला वयाची 30 वर्षांची मर्यादा आहे (मुलींना, आरक्षित प्रवर्गांना व इतर काहींना सवलत आहे), तेव्हा ‘आधी दोन वर्षे वकिली करून पाहू’ हा बेत असेल तर हिशेब आताच मांडा.

लातूरकर_विधी

सर्वांचे आभार. मॅडम, वयाचा हिशेब मी खरोखरच केला नव्हता. माझ्याकडे सहा वर्षे आहेत. क्लॅटची तयारी सुरू करतो. धाराशिवच्या सरांना एक विचारायचे आहे: गाळपाच्या जुन्या हंगामांची देणी तपासायची असतील, तर आधी कारखान्याकडे अर्ज करावा की साखर आयुक्तालयाकडे?

अर्थशास्त्र_धाराशिव

आयुक्तालयाकडे, आणि माहिती अधिकारात. कारखान्यावर नंतर जा, सोबत वडिलांच्या ओळखीचा एखादा ऊस उत्पादक घेऊन. त्याच्या घरातील जुन्या बिलांची पिशवी मात्र सर्वांत आधी पाहा.