मदत हवी आहे : अठराव्या शतकातील गाऊनची बाही पाठीवर ओढली जाते
१७७० च्या दशकात इंग्लंडमध्ये रूढ असलेला, पाठीवर चुण्या शिवून बसवलेला गाऊन मी संपूर्णपणे हाताने शिवत आहे. शिलाई मशीन पुढच्या शतकातले, त्यामुळे त्यावर एकही टाका घालायचा नाही असे ठरवले आहे. लिननचे अस्तर आतली ताठ चोळी घालूनच अंगावर बेतले, मेण लावलेल्या दोऱ्याने उलटी टीप घातली आणि पाठ मनासारखी बसली. अडचण बाहीची आहे. काखेकडचा भाग शिवून वरचा भाग खांद्याच्या अस्तरावर टाचला, तरी हात पुढे नेताच पाठीवरचे कापड ताणले जाते. त्या काळी पाठ अरुंद आणि बाही तंग असे, हे खरे. पण मुंढा (बाही जिथे जोडली जाते तो कापडातला गोलाकार काप) कमी कोरला गेला आहे की बाही चुकीच्या कोनात फिरली आहे, हे कसे ओळखावे? कापलेला मुंढा पुन्हा भरून येत नाही, म्हणून कात्री लावण्यापूर्वी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.