बुलेटची काळवंडलेली इंजिन कव्हर्स : मदत हवी आहे

वडिलांच्या जुन्या बुलेटची ॲल्युमिनियमची इंजिन कव्हर्स कोल्हापूरच्या पावसाळ्यांत पार काळवंडली असून, गिअरबॉक्सच्या कडेला नखाने खरवडल्यास पिठासारखी सुटणारी पांढरी भुकटी धरली आहे. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियमलाच खातो, म्हणून त्या वाटेला गेलो नाही; एका कव्हरवर ४००, ८०० आणि १२०० नंबरचा वॉटर पेपर (पाण्यासोबत घासायचा बारीक सँडपेपर) फिरवला तेव्हा चमक आली, परंतु जिथे जुना लॅकर (धातूवरचा पारदर्शक संरक्षक थर) शिल्लक आहे तिथे पिवळट चट्टे तसेच राहिले. हा लॅकर पेंट रिमूव्हरने आधी पूर्ण काढावा का? इथल्या उद्यमनगर या औद्योगिक भागात बफिंग (मशीनवर पॉलिश) करून मिळेल, पण (हौस म्हणा) हे काम मला घरीच करायचे आहे. पॉलिशनंतर पुन्हा लॅकर मारावा की नुसते मेण लावावे, हेही अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.