ग्रँटची शेतीतली वर्षं
पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेल्या युलिसिस ग्रँटची मिसुरी राज्यातल्या शेतीची वर्षं 'निव्वळ वाया गेली' असं म्हटलं जातं, ते मला पटत नाही. शेती बुडाली हे खरंच. सेंट लुईसच्या रस्त्यांवर सरपण विकावं लागलं, १८५७च्या नाताळात सोन्याचं घड्याळ २२ डॉलरला गहाण पडलं.

पण त्याच हलाखीत, मार्च १८५९मध्ये, त्याने विल्यम जोन्स या आपल्या गुलामाला कोर्टात कागद करून मुक्त केलं. हा माणूस त्याला सासऱ्यांकडून मिळाला होता. विकला असता तर शेकडो डॉलर हाती आले असते, आणि घरात चार लहान मुलं होती! सासरचे इतर गुलाम शेतावर राबत होते, तेही विसरू नये. तरी माझ्यासाठी त्या वर्षांतली सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे.